गावच्या विहिरींचं पाणी तपासायचंय? नमुना कुठून, किती आणि कसा घ्यायचा

ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाणी तपासणीचे अहवाल फायलीला लावलेले असतात. नायट्रेट ३८, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६४०, पीएच (आम्लता) ७.४. आकडे खरे असतात, पण ते एका बाटलीतल्या पाण्याचे असतात. ती बाटली ज्या विहिरीवर, ज्या दिवशी भरली तेवढंच ते सांगतात. त्यावरून ‘आमच्या गावचं पाणी चांगलं आहे’ असं ग्रामसभेत सांगितलं जातं आणि सगळे निर्धास्त होतात. माझं ठाम मत आहे की पाणी तपासणीतला सर्वात मोठा घोळ प्रयोगशाळेत होत नाही. बाटली कुठल्या विहिरीवर भरायची हे ठरवताना तो झालेला असतो.

हे ठरवण्याचं शास्त्र म्हणजे नमुना निवड. त्यातले शब्द पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकांत व्याख्येसारखे येतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. इथे ते कामाच्या ओघात पाहू. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो : एका गावातल्या विहिरी आणि बोअर, आणि त्यातलं नायट्रेट. गाव कल्पित आहे, आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत. पाणी समितीचे सदस्य, जलसुरक्षक, शाळा-कॉलेजातले शिक्षक आणि प्रकल्प करणारी मुलं यांना ही पद्धत जशीच्या तशी वापरता येईल.

नायट्रेटच का? युरिया, शेणखताचे उकिरडे, संडासाच्या टाक्या आणि शोषखड्डे यांतून ते जमिनीत मुरतं. पाण्याला रंग, वास, चव काही येत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ च्या आवृत्तीत नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम सांगतं आणि त्यात सूट देत नाही. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ आणि नखं निळसर पडतात. म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी प्रश्न नक्की करा

पाण्याबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात आणि तिन्हींसाठी नमुने वेगळ्या रीतीनं घ्यावे लागतात.

पहिला : ही विहीर पिण्याजोगी आहे का? यात निवडीचा प्रश्नच नाही. तीच विहीर तपासायची, आणि निकाल तिच्यापुरता.

दुसरा : गावातल्या किती स्रोतांचं पाणी मर्यादेबाहेर आहे? सगळे स्रोत तपासणं परवडत नाही, म्हणून काही निवडून सगळ्यांबद्दल बोलायचं. हा लेख मुख्यतः या प्रश्नाचा आहे.

तिसरा : गावाबाहेरच्या कचरा डेपोमुळे आजूबाजूच्या विहिरी बिघडल्या का? इथे विहिरी मुद्दाम निवडाव्या लागतात : डेपोच्या उताराला, वरच्या अंगाला, आणि डेपोचा संबंधच नाही अशा, पण तशाच जमिनीतल्या. या शेवटच्या गटाला तुलनेचा गट किंवा नियंत्रण म्हणतात. अशा निवडीला हेतुपुरस्सर नमुना निवड हे नाव आहे आणि या प्रश्नाला ती अगदी योग्य आहे. गोंधळ होतो तो डेपोजवळच्या विहिरींचे आकडे घेऊन ‘गावचं पाणी असं आहे’ म्हटल्यावर.

समष्टी, एकक आणि यादी

ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या सगळ्यांना मिळून समष्टी म्हणतात. ‘गावातल्या विहिरी’ एवढ्यानं समष्टी ठरत नाही. फक्त पिण्याच्या की शेतीच्याही? उन्हाळ्यात आटणाऱ्या धरायच्या का? शेजारच्या शिवारातली, पण आपल्या वस्तीवरचे लोक जिथून पाणी नेतात ती विहीर कुठे मोजायची? हे पहिल्या दिवशी वहीत लिहून ठेवा. आपण ठरवू : ज्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वर्षातून काही दिवस तरी माणसं पितात, ती प्रत्येक समष्टीत. शेतावर काम करताना मजूर तिथलं पाणी पितात, म्हणून शेतातल्या विहिरीही आल्या.

एक विहीर किंवा एक बोअर हे आपलं नमुना एकक. एका विहिरीवर पंधरा घरं असली तरी एकक एकच.

आता यादी. हिला नमुना चौकट म्हणतात आणि सगळं काम हिच्यावर उभं राहतं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद सापडते, गेल्या काही वर्षांत मारलेल्या बोअरची पुष्कळदा सापडत नाही. कागदावरून यादी केली तर नेमके खोल बोअर बाहेर राहतात. म्हणून वायरमनला सोबत घ्या; कुठल्या बांधावर मोटार आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मग शिवारफेरी करा. प्रत्येक स्रोताला क्रमांक द्या. मोबाइलवरून ठिकाणाची नोंद, विहीर की बोअर, खोली, पाणी कशाला वापरतात, शंभर फुटांत उकिरडा किंवा शोषखड्डा आहे का, हे त्याच वेळी लिहा. या कामाला दोन-तीन दिवस गेले तर जाऊ द्या. यादीत नसलेली विहीर नंतर कुठल्याच गणितानं परत आणता येत नाही.

आपल्या गावात १२० स्रोत निघाले असं धरू.

चिठ्ठ्या टाका

रस्त्याकडेच्या, ओळखीच्या, चहा मिळेल अशा विहिरींवर बाटल्या भरल्या तर तो सोयीचा नमुना. तो नुसता अपुरा नसतो, एका बाजूला कललेला असतो. रस्त्याकडेला घरं असतात, घरांजवळ गोठे आणि उकिरडे. माळावरची दूरची विहीर अशा तपासणीत कधी येतच नाही.

यादृच्छिक निवडीत प्रत्येक स्रोताची निवड होण्याची शक्यता आधीपासून माहीत असते आणि निवड फक्त योगायोग करतो. डोळे मिटून नकाशावर बोट ठेवणं म्हणजे यादृच्छिक निवड नव्हे, बोट आपोआप मधोमध जातं. १ ते १२० च्या चिठ्ठ्या करून डब्यात नीट ढवळा आणि काढा. किंवा संगणकावर एक्सेलमध्ये प्रत्येक क्रमांकासमोर यादृच्छिक संख्या आणून त्यानुसार क्रम लावा. चिठ्ठ्या चारचौघांत काढाव्यात. ‘आमचीच विहीर का?’ या प्रश्नाला तेच सर्वात चांगलं उत्तर आहे.

मालक नाही म्हणाला, फाटकाला कुलूप निघालं, तर? शेजारच्या विहिरीवर जायचं नाही. सुरुवातीलाच पाच-सहा राखीव चिठ्ठ्या काढून ठेवायच्या आणि त्या क्रमानंच घ्यायच्या. नकार मिळालेल्या विहिरींची नोंदही ठेवायची. उकिरड्याजवळच्या विहिरींचे मालकच जास्त नकार देत असतील, तर ती माहिती निकालाइतकीच महत्त्वाची आहे.

यादीतला दर पाचवा स्रोत घेणं ही पद्धतशीर निवड. सोपी आहे. पहिला क्रमांक १ ते ५ मधून चिठ्ठीनं काढायचा आणि यादीत काही ठरावीक लय नाही ना हे पाहून घ्यायचं. आधी दोन-तीन वस्त्या निवडून तिथले सगळे स्रोत तपासणं ही समूह निवड. पायपीट वाचते, पण एका वस्तीवरच्या विहिरी एकमेकींसारख्या असल्यामुळे तेवढ्याच बाटल्यांतून माहिती कमी मिळते.

स्तर पाडा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. गावचं पाणी तसं नसतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. वरच्या मुरमातलं पाणी उघड्या विहिरीत येतं, खालच्या भेगांमधलं बोअरला लागतं, आणि दोन शेतांच्या अंतरावर भेगांचं जाळं बदलतं. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे, किंवा फ्लोराइडनं त्रस्त यवतमाळ-चंद्रपूरच्या गावांत प्रश्न वेगळा, पण पाण्याचा असा ठिकाणागणिक बदल तिथेही आहेच.

म्हणून समष्टीचे आधी गट करायचे, गटाच्या आत स्रोत एकमेकांसारखे आणि गटागटांत फरक अशा बेतानं. हे स्तर. आपल्या गावात : ओढ्याकाठची बागायत ६०, माळ ४०, गावठाण २०. प्रत्येक स्तरात स्वतंत्र चिठ्ठ्या काढायच्या. ही झाली स्तरित यादृच्छिक निवड, आणि गावपातळीच्या कामाला माझी पहिली पसंती हिलाच.

पैसे २४ तपासण्यांचे आहेत. प्रमाणात वाटले तर १२, ८ आणि ४. पण गावठाणात गोठे, गटारं, जुने आड सगळं एकवटलेलं, तिथे आकडे जास्त विखुरणार. जिथे विखुरणं जास्त तिथे जास्त नमुने घ्यावेत, हे येझी नेमन या संख्याशास्त्रज्ञानं १९३४ मध्ये गणितानं मांडलं. आपण १२, ६, ६ घेऊ. निकाल असे आले (लिटरला मिलिग्रॅम नायट्रेट; मध्य म्हणजे सरासरी) :

बागायत : २८, ३१, ३६, ४०, ४३, ४९, ५४, ५८, ६३, ६८, ७४, ८०. मध्य ५२.

माळ : १४, १८, १९, २२, २२, २५. मध्य २०.

गावठाण : ३८, ४७, ५२, ५५, ६६, १०८. मध्य ६१.

आता चोवीसही आकड्यांची बेरीज करून २४ नं भागलं तर ४६.२५ येतं, म्हणजे मर्यादेच्या वर. पण हे चुकीचं आहे. माळाचे ४० स्रोत असून त्यांना आपण सहाच बाटल्या दिल्या, गावठाणाच्या २० स्रोतांनाही सहाच. म्हणून प्रत्येक मध्याला त्याच्या स्तरातल्या स्रोतांच्या संख्येनं वजन द्यायचं : ६० गुणिले ५२, ४० गुणिले २०, २० गुणिले ६१, बेरीज ५१४०, भागिले १२०. उत्तर ४२.८. हा भारित मध्य, मर्यादेच्या खाली! आकडे तेच, बाटल्या त्याच, आणि निष्कर्ष उलटा.

पण इथेही थांबू नका. सरासरी पाणी कुणी पीत नाही. ज्याच्या विहिरीत १०८ आहे त्याला ४२.८ चा काही उपयोग नाही. आपला प्रश्न होता, किती स्रोत मर्यादेबाहेर. बागायतीत १२ पैकी ७, माळावर शून्य, गावठाणात ६ पैकी ५. स्तरांतल्या संख्येवर नेलं तर बागायतीत सुमारे ३५, गावठाणात सुमारे १७. म्हणजे १२० पैकी ५२ च्या आसपास, ४३ टक्के. सरासरी मर्यादेत असलेल्या गावात निम्म्याच्या जवळपास स्रोत नापास. ग्रामसभेपुढे हा आकडा ठेवायला हवा.

गावठाणात मध्य ६१ असला तरी मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध येणारी किंमत, ५३.५ आहे. त्या एका १०८ नं मध्य वर ओढला. विखुरणं मोजायला प्रमाण विचलन वापरतात : माळावर ते ३.८ येतं, गावठाणात २४.८. गावठाणात जास्त बाटल्या दिल्या ते बरोबरच होतं.

बाटली भरताना

चालू बोअरमध्ये पंप काही मिनिटं चालवला की पुरतं. पण कित्येक दिवस बंद असलेल्या बोअरच्या भोकात पाणी साचून राहिलेलं असतं, ते भेगांमधलं ताजं पाणी नव्हे. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटर उंचीला साधारण १७.७ लिटर पाणी मावतं. पाण्याची उंची ३० मीटर असेल तर ५३० लिटर झालं. त्याच्या तिप्पट उपसायचं हा रूढ नियम. सेकंदाला एक लिटर देणारा पंप त्याला २६-२७ मिनिटं घेईल. जवळ टीडीएस मीटर असेल तर दर पाच मिनिटांनी पाहा, आकडा स्थिरावला की भरा.

पंप नसलेल्या विहिरीत बाटलीला वजन बांधून पृष्ठभागाच्या फूटभर खाली भरा, कडेचं शेवाळ टाळा.

नायट्रेटसाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि ४८ तासांच्या आत तपासणीला लावायची. जिवाणू तपासणीची बाटली मात्र निर्जंतुक असते, ती कधीही विसळायची नाही. तोंडाला हात लावायचा नाही, वर थोडी जागा मोकळी ठेवायची, थंड ठेवून २४ तासांत पोचवायची, सहा तासांत पोचली तर उत्तम. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेलं असेल तर ज्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट आहे तीच मागून घ्या, नाहीतर वाटेतच क्लोरीन जिवाणू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. एकाच बाटलीत दोन्ही तपासण्या करायला जाऊ नका.

आता एका मोहाबद्दल. पाच विहिरींचं पाणी एकत्र करून एकच बाटली पाठवली तर पैसे वाचतात. याला एकत्रित नमुना म्हणतात. एका ठिकाणी एका वेळी भरलेला तो तात्कालिक नमुना. एकत्रित नमुन्याला त्याची जागा आहे, उदाहरणार्थ कारखान्याच्या सांडपाण्याचं दिवसभराचं सरासरी प्रमाण काढताना. पण पाच विहिरींपैकी चारांत २० आणि एकीत १२० असेल तर मिसळून ४० येतं. अहवाल पास, आणि १२० ची विहीर कायमची लपली. पिण्याच्या पाण्यात हे करू नये.

दुसरी गल्लत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसते. एकाच विहिरीतून पाच बाटल्या भरायच्या आणि ‘नमुने ५’ लिहायचं. त्या पाच बाटल्या त्या विहिरीचा आकडा पक्का करतात, गावाबद्दल एका विहिरीएवढीच माहिती देतात. याला आभासी पुनरावृत्ती म्हणतात.

प्रयोगशाळेलाही तपासा

दर दहा बाटल्यांमागे एक जोडबाटली भरा : तीच विहीर, तोच क्षण, वेगळा क्रमांक. अहवाल ४४ आणि ४८ आले तर कळतं की ४५ च्या आसपासच्या निकालावर छातीठोक बोलता येणार नाही, तिथे पुन्हा नमुना घ्यायचा. आणि एक बाटली शेतावरच शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यानं भरून बाकीच्यांसोबत पाठवा, ही कोरी बाटली. तिच्यात नायट्रेट निघालं तर दोष विहिरींत नाही, बाटल्यांत किंवा हाताळणीत आहे.

अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलं असेल तर ते शून्य नसतं. उपकरण ज्या प्रमाणाखाली ओळखू शकत नाही ती शोधमर्यादा. त्याखाली काहीही असू शकतं. ती मर्यादा किती, हे विचारून घ्या.

आणि एकक जरूर वाचा. काही ठिकाणी आकडा नायट्रेट म्हणून देतात, काही ठिकाणी नायट्रेटमधला नायट्रोजन म्हणून. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. नायट्रोजन म्हणून १२ लिहिलेलं पाणी म्हणजे नायट्रेट सुमारे ५३. ‘४५ च्या आत आहे’ म्हणून ते सोडून दिलं तर बाळाला नापास पाणी पाजलं जाईल.

किती खात्रीनं सांगता येईल?

आपला अंदाज होता १२० पैकी ५२. चिठ्ठ्या पुन्हा काढल्या असत्या तर वेगळ्या विहिरी आल्या असत्या आणि आकडा थोडा हलला असता. या हलण्याला नमुना त्रुटी म्हणतात. स्तरांचं गणित करून ९५ टक्के विश्वास अंतराल काढलं तर ते साधारण ३५ ते ६८ येतं. म्हणजे या पद्धतीनं पुन्हा पुन्हा सर्वेक्षण केलं आणि दर वेळी असं अंतराल काढलं, तर शंभरातल्या सुमारे ९५ अंतरालांत खरी संख्या सापडेल. पट्टा रुंद आहे, तो तसाच सांगावा. कामाला तो पुरतो : निदान ३५ स्रोतांचा प्रश्न आहे हे तर कळलं.

पट्टा निम्मा करायचा तर मोठ्या समष्टीत नमुने चौपट लागतात. आपलं गाव लहान असल्यामुळे सुमारे ६० वर भागेल, पण म्हणजे निम्मे स्रोत तपासणं आलं.

माळावरच्या शून्याकडे जरा थांबून पाहा. सहाच्या सहा पास, म्हणून माळ सुरक्षित? चाळीसपैकी ८ स्रोत खराब असते तरीही सहा चिठ्ठ्यांत एकही न येण्याची शक्यता सुमारे २४ टक्के आहे. १४ खराब असते तरी ती ६ टक्के उरते. म्हणून अहवालात ‘माळावर दोष नाही’ लिहू नका, ‘तपासलेल्या ६ स्रोतांत दोष आढळला नाही’ लिहा.

ही झाली योगायोगाची चूक, नमुने वाढवले की ती कमी होते. दुसरी चूक नमुने वाढवून कधीच कमी होत नाही : अभिनती, म्हणजे सतत एकाच बाजूला होणारी चूक. याचं उत्तम उदाहरण आपल्याच मातीतल्या माणसानं दिलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवर काम करत होते. शेतात लहान चौकोन आखून तिथलं पीक कापायचं, तोलायचं आणि त्यावरून हेक्टरी उतारा काढायचा. सुखात्म्यांनी दाखवलं की चौकोन फार लहान असला की उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. रेषेवरची ताटं आत की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असतो, आणि चौकोन जितका लहान तितका रेषेवरच्या ताटांचा वाटा मोठा. असे हजार चौकोन कापले तरी चूक तशीच राहणार. पीक कापणी प्रयोग शेतकऱ्यांना आज पीकविम्यामुळे चांगलेच माहीत आहेत. त्यामागे हा सगळा विचार आहे. विहिरींवरही हेच लागू : रस्त्याकडेच्या शंभर विहिरींपेक्षा चिठ्ठीनं काढलेल्या चोवीस बऱ्या.

ऋतू

पावसानं जमिनीतलं नायट्रेट खाली उतरतं, उन्हाळ्यात पाणी आटून प्रमाण बदलतं. म्हणून निदान दोन फेऱ्या करा : मेमध्ये पावसाआधी आणि ऑक्टोबरमध्ये पावसानंतर. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी ऋतूंनुसार जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमच्या फेऱ्या याच महिन्यांत बसवल्या तर पातळी आणि गुणवत्ता शेजारी ठेवता येतात. बदल पाहायचा असेल तर दोन्ही फेऱ्यांत त्याच २४ विहिरी घ्या आणि प्रत्येक विहिरीचा स्वतःशीच फरक काढा. या जोडीच्या तुलनेत विहिरी-विहिरींमधला फरक आड येत नाही.

निकाल आले की पहिलं काम ग्रामसभेचं नाही. मर्यादेबाहेर निघालेल्या विहिरींवरून कोणकोणती घरं पाणी नेतात, त्यांत गरोदर बाई किंवा तान्हं बाळ आहे का, हे आशाताईंकडून त्याच दिवशी विचारून घ्या आणि त्या घरांना पिण्यासाठी दुसरा स्रोत दाखवा. पाणी उकळून चालणार नाही हे तोंडी सांगा. मग बागायत आणि गावठाणातल्या न तपासलेल्या ६२ स्रोतांसाठी क्षेत्रीय तपासणी किट घेऊन फिरा. त्याचा रंग अंदाज देतो, ४५ च्या आसपास दिसलेले स्रोत प्रयोगशाळेकडे पाठवायचे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना हे किट वापरायला शिकवलं आहे, त्यांना सोबत घ्या. आणि फलकावर लिहाल तेव्हा पूर्ण लिहा : कुठल्या महिन्यात, किती स्रोतांपैकी किती, निवड कशी केली, किती मालकांनी नकार दिला, आणि अंदाजाचा पट्टा किती ते किती.